राजश्रीताईच्या ओम्नीला गॅस

१६ डिसेंबर

दाजींचं परत तेच. गाडी चालतीया की, तिला कशाला हात लावायचा. मागच्या दिवाळीत हेच, त्याच्या आधी उन्हाळ्यात हेच. मी म्हटलं, दाजी, चालते म्हणजे काय, पेट्रोल पिऊन चालते. तर म्हणाले, मग काय ताक पिऊन चालंल व्हय. अंगणातल्या सगळ्या बाया हसल्या. ह्या घरात टेक्निकल बोलायची सोयच नाही.

हरिदासदाजी टॉवेलच्या कारखान्यात आहेत, आयुष्य मागावर गेलं. त्यांना धागा तुटला की कळतं, बाकी काही कळत नाही. धंदा सगळा राजश्रीताईचा. अंगणात चार चुली, ताई धरून चार बाया, दिवसभर कडक भाकरी. गाडी म्हणजे २००९ ची ओम्नी. रोज सोलापुरातली हॉटेलं आणि दर शनिवारी मोहोळला मानसिंगरावांच्या शेतावर तीनशे भाकरी. त्यांची हुरडा पार्टी चालते, पुण्याची माणसं येतात. ताई म्हणते वर्षाची कमाई ह्या दोन महिन्यांत आहे.

म्हणूनच मी आलो. दहा दिवसांची रजा टाकून, चाकणहून, स्वतःच्या खर्चानं.

किट एसटीनं आणलं. सिलिंडर गोधडीत गुंडाळला होता. कंडक्टरनं विचारलं काय हाय, मी सांगितलं बोअरची मोटर. तो म्हणाला, मोटर असू दे न्हायतर नवरी, वजन तर हाय की. लगेजचं तिकीट फाडलंच.

संकल्प: चार दिवसांत फिटिंग पूर्ण. पाचव्या दिवशी दाजी स्वतः येऊन सॉरी म्हणतील.

१६ डिसेंबर, झोपायच्या आधी

एक गोष्ट लिहून ठेवतो म्हणजे डोक्यातून जाईल. ताईनं किटसाठी बावीस हजार पाठवले होते. बायांच्या बचतीचे. भाकरीची पाकिटं सील करायचं मशीन घेणार होत्या. मीच फोनवर सांगितलं, मशीन पुढच्या वर्षी, आधी गॅस, गॅसमध्ये जे वाचेल त्यातून मशीन आपोआप येईल. किट मला चौदाला मिळालं. भंगारवाल्याकडून, पण चांगल्या गाडीचं. गाडी ठोकलेली होती, किट ठोकलेलं नव्हतं.

राहिले आठ. ती माझी टेक्निशियनची मजुरी. बाहेरचा मिस्त्री फुकट करणार होता का. शिवाय त्यातूनच पान्यांचा सेट घेतला, टेक्निशियनचे बूट घेतले, थकलेलं खोलीभाडं दिलं. सगळं कामाशी संबंधितच आहे.

ताईला हिशोब एकदा नीट बसून सांगायचा. घाई नाही.

१७ डिसेंबर

दाजी ऐकेनात म्हणून त्यांना सिलिंडरसकट चनबसप्पा मिस्त्रींकडे नेलं; दाजी बाहेर स्कूटरपाशीच थांबले. होटगी रोडला त्यांचं गॅसकिट बसवायचं सेंटर आहे, परवान्याचं. म्हातारा चष्मा कपाळावर ठेवून सिलिंडर बघत बसला, सोनार बघतो तसा. कानडी हेल काढून म्हणाला, येनप्पा, काय बाबा, ह्याच्या टेस्टिंगचा कागद कुटं हाय. मी म्हटलं चाकणला आहे. म्हणाला, कागद चाकणला आन् सिलिंडर सोलापूरला, दोघांचं भांडण झालंय का.

मग विचारलं काम कुठं शिकलास. मी पंपाशेजारच्या सेंटरचं नाव सांगितलं. किती गाड्या बसवल्यास. मी म्हटलं मोजल्या नाहीत. हे खोटं नाही. मोजण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांचा भाव बावन्न हजार. नवीन किट, टेस्टिंग, आरटीओत आरसीवर नोंद, सगळं. ह्या भंगाराला मी हात लावणार न्हाई आन् तूबी लावू नको म्हणाले. जाताना मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाले, शिकायचं असंल तर माझ्याकडं ये, नऊ हजार देतो, वर्षात तयार करतो. मला हसू आलं. तीन वर्षं मी गॅस लाईनमध्ये आहे आणि हा मला हेल्पर ठेवणार.

बाहेर येऊन दाजींना सांगितलं, मिस्त्री म्हणाले पोरगा तयार आहे.

१८ डिसेंबर

काम सुरू. सकाळी सात वाजता बूट घालून अंगणात उभा राहिलो. राजाबाई चुलीपुढून म्हणाली, लगीन कुणाचं हाय रं.

राजाबाई बचतीतली सगळ्यात जुनी बाई. बोलायला लागली की तव्यावरची भाकरीसुद्धा घाबरून उलटते. तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं.

माझ्या अनुभवाबद्दल इथं स्पष्ट लिहितो, कारण काल मिस्त्रींमुळे मनात उगाच चलबिचल झाली. चाकणला माझं काम पंपावर आहे. गाडी आली की नोझल लावायचं, भरलं की काढायचं. म्हणजे गॅसचा शेवटचा टप्पा माझ्याच हातात. शेजारीच फिटिंग सेंटर. गर्दी नसली की मी तिथं जाऊन उभा राहतो. बघून माणूस अर्धं शिकतो. राहिलेलं अर्धं डोक्यानं. आठवीत नापास झालो ते गणितात, मेकॅनिकलमध्ये नाही.

घरी मी फिटर म्हणून सांगितलंय. तो फक्त शब्दाचा फरक आहे.

आज पेट्रोलचा पाईप चुकून कापला गेला. एकाअर्थी बरं झालं, तो बदलायलाच आला होता.

१९ डिसेंबर

सिलिंडर बसवायची जागा. पंपावर गाड्या बघितल्यात, सगळ्यांचा सिलिंडर मागे असतो. म्हणून मागे आडवा ठेवला, पत्र्याला भोकं पाडून पट्ट्या आवळल्या. एक भोक जास्तीचं पडलं. त्यातून खालचं अंगण दिसतं. व्हेंटिलेशन.

संध्याकाळी ताई भाकरीचे क्रेट ठेवायला आली. एका क्रेटमध्ये पंचवीस भाकरी, मागे बारा क्रेट बसायचे. आता सात बसले. ताई सातवा क्रेट ठेवून बराच वेळ आठवा हातात धरून उभी राहिली.  राजाबाई बोलली. म्हणाली, राहिल्याली पाच काय आमी डोक्यावर घिऊन पळायची व्हय गाडीमागं.

मी समजावलं. गॅसमध्ये एवढं वाचतं की दोन फेऱ्या केल्या तरी फायदाच. ताईनं विचारलं, किती वाचतं. मी म्हटलं, भरपूर. टेक्निकल आकडा नंतर काढून देतो.

२० डिसेंबर, शनिवार

पाईप अजून जोडायचाय म्हणून गाडी बंद. दाजींनी कारखान्यातल्या एकाची रिक्षा-टेम्पो मागून मोहोळची ऑर्डर पोचवली. भाड्याचे बाराशे ताईनं दिले. मी घरी काम करत राहिलो. एका दिवसाचा खर्च, आयुष्यभराची बचत.

चार दिवसांत पूर्ण करणार होतो, पण चांगल्या कामाला पाच लागतात.

२२ डिसेंबर

सहा लागले.

आज गाडी सुरू झाली. पहिल्या चावीला फट्ट असा आवाज झाला आणि समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. दुसऱ्या चावीला परत. पाचव्या चावीला इंजिन लागलं. मला खरंच गहिवरून आलं. ताईनं गाडीला हळदकुंकू लावलं आणि मलाही पेढा दिला. म्हणाली, दिगू, झालं व्हय रं खरंच. तिच्या तोंडावर असा आनंद मी तिचं लग्न ठरलं तेव्हा पाहिला होता, आणि त्या वेळेस मी सहा वर्षांचा होतो.

सिलिंडरच्या तळाला जुन्या गाडीचा थोडा गॅस होता, त्यावरच चालू केली. चालू केल्यावर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बघायचं असतं. सेंटरवर करतात ते. बुडबुडे आले तर गॅस गळतो. मी लावलं. रिड्यूसरपाशी, म्हणजे गॅसचा दाब कमी करतो त्या डब्यापाशी, थोडे आले. फार नाहीत. राजाबाई बघत होती, म्हणून लगेच फडक्यानं पुसून टाकलं. नवीन जोड बसायला दोन-चार दिवस लागतातच.

२३ डिसेंबर

गॅस भरायला पंपावर. रांगेत दोन तास चाळीस मिनिटं. नोझलवाला पोरगा अगदीच रफ. किटबरोबर आलेली टेस्टिंगची पाटी मी गाडीला लावली होती, ती धड वाचलीसुद्धा नाही. पाटी दुसऱ्या गाडीची आहे हे कळायला हवं होतं त्याला. मी असतो तर गाडी परत पाठवली असती. अशानंच अपघात होतात.

त्याला म्हटलं, मीही ह्याच लाईनमध्ये आहे. तो म्हणाला, लाईनमधी सगळेच हायेत, पुढं घ्या गाडी.

रात्री मोठा विचार झाला. चाकण सोडायचं. सोलापुरात स्वतःचं सेंटर टाकायचं. बोर्ड कसा असेल तो ह्याच वहीच्या मागच्या पानावर काढला. दिग्विजय गॅस किट. मधोमध ज्वाला.

२५ डिसेंबर

गाडीत थोडा वास येतो. ताईला जास्त जाणवतो, बायकांचं नाक तिखट असतं. मी सांगितलं, नवीन किटला आठ दिवस वास येतो, नवीन चपलेला येतो तसा. राजाबाई म्हणाली, ह्या वासाची चप्पल मी तरी दारात ठिवणार न्हाई.

बाया रात्रीच भाकरी क्रेटमध्ये भरून गाडीत ठेवतात, म्हणजे पहाटे निघता येतं. गाडी अंगणात चुलींच्या शेजारी उभी असते. दुसरीकडे जागाच नाही.

रजा आज संपली. पंपावर फोन करून सांगितलं, बहीण आजारी आहे. मॅनेजर म्हणाले, मागच्या वेळी कोण होतं. मला आठवेना.

२७ डिसेंबर, शनिवार

आज पहिली मोहोळ फेरी, गॅसवर. मी चालवत होतो, ताई शेजारी बसली होती. हायवेला ऐंशी गाठली. ताई म्हणाली, आवाज किती कमी हाय की. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण ऐकलं.

सात क्रेट टाकून परत आलो, उरलेले पाच घेऊन परत गेलो. मानसिंगराव स्वतः भेटले नाहीत, त्यांच्या माणसानं क्रेट उतरवले. नाक वर करून म्हणाला, काय जळतंय का कुटं. मी म्हटलं, तुमचीच शेकोटी.

आल्यावर हिशोबाला बसलो, ताईला आकडा द्यायचा होता. पेट्रोलवर एका फेरीला पावणेसहाशे लागायचे. गॅसवर साडेतीनशे. फेऱ्या दोन. सातशे.

आकडा उद्या देईन. हिशोबाची पद्धत चुकली असणार.

२८ डिसेंबर, रविवार, दुपारी

मानसिंगरावांचा फोन आला. ताईनं स्पीकरवर ठेवला होता कारण हाताला पीठ होतं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकला.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे पुण्याची साठ माणसं होती. हुरडा झाला, मग भाकरी वाढली. एक बाई ताडकन उठून म्हणाली, गॅस लीक आहे. मग सगळेच वास घ्यायला लागले. मानसिंगरावांनी स्वयंपाकघर बंद केलं, शेगडी बाहेर काढली, सिलिंडर उचलून विहिरीपलीकडे नेऊन ठेवला, पोरंबाळं उसाच्या कडेला उभी केली. तरी वास जाईना. शेवटी त्यांच्या नातवानं सांगितलं, आजोबा, भाकरीलाच येतोय.

मानसिंगराव रागावले नाहीत. ते जास्त वाईट होतं. म्हणाले, राजश्रीताई, तुमची भाकरी मी आठ वर्षं घेतोय, पण आता माणसं माझ्याकडं जेवाय भितील. पुढच्या शनिवारपासनं ऱ्हाऊ द्या.

ताईनं पिठाच्या हातानंच फोन बंद केला. फोनवर पांढरी बोटं उठली.

मी म्हटलं, भाकरी सील केलेली असती तर वास लागला नसता. हे टेक्निकली बरोबर आहे. बोलून झाल्यावर लक्षात आलं की सील करायच्या मशीनचे पैसे कुठं गेले. सगळ्या बायांच्याही लक्षात आलं.  राजाबाईनं पिठाची परात झाकून ठेवली.

२९ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

सकाळी दाजी चनबसप्पा मिस्त्रींना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. चारही चुली पेटलेल्या होत्या. मिस्त्री फाटकातच थांबले. नाक वर केलं. मग हळू आवाजात म्हणाले, आधी जाळ विझवा. सगळा. कुणी काडी वढू नका. असल्या हळू आवाजात मी कुणाला घाबरलेलं ऐकलं नव्हतं.

राजाबाईनं पिठाचं पाणी चुलीवर ओतलं. दुसऱ्या बाईनं घागर ओतली. ताईनं तवा तसाच खाली टाकला. अंगणभर धूर आणि वाफ. मिस्त्रींनी गाडीची सगळी दारं उघडली, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. मग वाटीत साबणाचं पाणी करून रिड्यूसरवर लावलं. भसाभसा फेस आला. त्यांनी पुसला नाही. सगळ्यांना बघू दिला.

मला म्हणाले, बसवल्यावर हे बघितलंवतंस का. मी म्हटलं, बघितलं होतं. मग काय दिसलं. मी बुटांकडे बघितलं.

खरं म्हणजे मी तिथं उत्तर तयार करत होतो. खराब रस्ता, थंडी, साबणाची क्वालिटी. तीन उत्तरं तयार होती. पण समोर चार विझलेल्या चुली आणि चार बाया भिजलेल्या पदरांनी उभ्या होत्या. सात दिवस ती गाडी त्यांच्यापासून चार हातांवर होती. रात्री दारं बंद, पहाटे चुली.

राजाबाई फक्त एवढंच म्हणाली, माझी नात हितंच खेळती रं दिग्या.

२९ डिसेंबर, संध्याकाळी

मिस्त्रींनी गाडी टोचन लावून नेली. मोकळ्या माळावर गॅस सोडणार, किट काढणार, परत पेट्रोलवर करून देणार. पाईपाचे आणि मजुरीचे पंधराशे सांगितले, दाजींनी दिले. जाताना मिस्त्री ताईला म्हणाले, हे भंगार चौदाच्या वर जात न्हाई अक्का, किती दिलते.

ताईनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, दिगू, किती पडलं होतं खरं.

मी म्हटलं, बावीस.

परत विचारलं. परत बावीस म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज पहिल्यापेक्षा चांगला निघाला.

३० डिसेंबर

ताईनं पहाटे उठून एका चुलीवर नव्या पन्नास भाकरी केल्या आणि एसटीनं मोहोळला गेली. दोन क्रेट, एक डोक्यावर, एक कमरेला. मी म्हटलं मी येतो, क्रेट तरी धरतो. म्हणाली, तू नको. रागानं नाही. पाहुण्याला म्हणतात तसं.

दिवसभर घरी बसून होतो. गाडीच्या जागी तेलाचा डाग आणि माझे पाने पडले होते. पाने पुसून सेटमध्ये नंबरानं लावले. मग काढून परत लावले.

पाच वाजता ताई आली. क्रेट रिकामे. मानसिंगरावांनी तिच्यासमोर भाकरी मोडून खाल्ली म्हणे. निम्मी ऑर्डर देतो म्हणाले, दीडशे, पण पाकीट सील पाहिजे, उघडी भाकरी आता कुणी हातात धरत नाही. पंधरवड्यात करा, नाहीतर मला दुसरीकडं सांगावं लागंल.

पंधरवडा. मशीन बावीस हजारांना आहे.

ताईनं हे मला सांगितलं नाही. ती राजाबाईला सांगत होती आणि मी ओसरीवर होतो.

३१ डिसेंबर

दाजी स्टँडवर सोडायला आले.  गाडी लागायला अर्धा तास होता. त्यांनी चहा सांगितला, मग बशीत बघत बघत म्हणाले, दोन वर्षांमागं मी टॉवेलचा टेम्पो घेऊन चाकणला आलतो. तुझ्या पंपावर गॅस भरला. तू नोझल लावत होतास. डोक्यावर टोपी होती तुझी, माझ्याकडं बघितलं न्हाईस. मी तोंड फिरवून बसलो. म्हटलं, पोराला लाज वाटंल.

मी विचारलं, ताईला सांगितलं का. म्हणाले, त्याच रात्री.

म्हणजे ताईला दोन वर्षं माहीत होतं. फिटर नाही, नोझलवाला आहे. तरी तिनं गाडी दिली. बचत दिली. मी म्हटलं, मग दिलीच कशाला. दाजी म्हणाले, मीबी तेच भांडत होतो की इतकी वर्षं. ती म्हणायची, एकदा घरच्या गाडीला हात लावला तर मन लागंल त्याचं, हितंच ऱ्हाईल. सहा ठिकाणी कामाला लागून सुटलायस. चनबसप्पालाबी तिनंच घरी जाऊन सांगून ठिवलंतं, पोरगा आला की कामाला घ्या म्हणून. त्यो बोलला न्हाई का तुला. नऊ हजारांचं.

मी म्हटलं, बोलले होते.

मंग तू काय म्हणलास.

मी म्हटलं, गाडी लागली वाटतं. लागली नव्हती.

३ जानेवारी, चाकण

पुन्हा पंपावर. नवीन वर्षाचे संकल्प.

एक. ताईच्या मशीनचे पूर्ण बावीस हजार मी देणार. पंधरा तारखेच्या आत.

दोन. रोज दोन शिफ्ट.

तीन. खोटं बोलणं बंद. मॅनेजरनं विचारलं, बहीण कशी आहे. मी म्हटलं, आता बरी आहे.

तिसरा संकल्प उद्यापासून.

६ जानेवारी

दुसरी शिफ्ट मिळत नाही. मॅनेजर म्हणाले, पहिली शिफ्ट आधी पूर्ण करून दाखव.

पान्यांचा सेट विकायला नेला. एकतीसशेला घेतला होता. दुकानदार चारशे म्हणाला. मी त्याला म्हटलं, हे प्रोफेशनल आहेत. तो म्हणाला, म्हणून तर चारशे, कुणी वापरलेलेच नाहीत असं दिसतंय, चोरीचे म्हणतील. परत आणले.

शेजारच्या सेंटरवर गेलो, उभा राहिलो. एक पोरगा रिड्यूसर बसवत होता. जोड आवळला, साबण लावला, एक बुडबुडा आला. एकच. त्यानं सगळं खोललं आणि पहिल्यापासून परत बसवलं. मी पूर्ण वेळ बघत होतो. मग मला तिथं उभं राहवेना.

९ जानेवारी

राजाबाईचा फोन. तिनं कधी मला फोन केला नव्हता. म्हणाली, दिग्या, गाडी आली बघ, पेट्रोलवर चालती, मागल्या भोकातनं धूळ येती तेवढी चिंधी कोंबलीया. मी म्हटलं, बरं. मग म्हणाली, मशीनसाठी आमी चौघी परत पैसं गोळा करालोय. नऊ हजार झालं. नातीच्या वाढदिवसाचं हजार घातलं मी. तुला म्हणून इचारते, मनात धरू नको, तितं भंगारवाल्याकडं किट परत दिलं तर काय येतील का.

मी म्हटलं, विचारतो.

म्हणाली, खरं किती पडलंतं रं. म्हातारी हाय मी, कुणाला सांगणार न्हाई.

मी म्हटलं, बावीस.

 मग मागून ताईचा आवाज आला, कोण, दिगू हाय का. ताईनं फोन घेतला. मला वाटलं आता विचारेल. म्हणाली, जेवलास का. मी म्हटलं, जेवलो. म्हणाली, थंडी लई पडलीया, स्वेटर घालत जा पंपावर.

पंपावर, म्हणाली. सेंटरवर नाही.

१२ जानेवारी

पगार झाला. जास्तीच्या रजेचे कापून हातात सात हजार दोनशे. खोलीभाडं तीन हजार. मेसचे अडीच हजार. उसनवार आठशे.

सकाळी विचार स्पष्ट होता. बावीस जमणार नाहीत, पण आठ तरी पाठवायचेच. ते आठ ताईचेच आहेत. पान्यांचा सेट चारशेला द्यायचा, बूट विकायचे, राहिलेले उचल मागायचे. दुपारपर्यंत हिशोब बसत आला होता.

मग लक्षात आलं, बरोबर आठ पाठवले तर बावीसमधून आठ गेले की चौदा राहतात. ताईला तेवढं गणित येतं. मी तीन वेळा जे बोललो ते खोटं होतं हे तिला पैसे मिळाल्याच्या मेसेजमध्ये वाचता येईल. म्हणून साडेसात पाठवायचे ठरवलं. मग वाटलं, साडेसात म्हणजे आठच्या फार जवळ. मग पाच. पाच पाठवायचे तर पान्यांचा सेट विकायची गरज नाही. बूटही राहतील. मग उचल मागायला मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेलो. आत कुणीतरी होतं. पाच मिनिटं थांबलो. माणूस बाहेर आला, मॅनेजर एकटेच होते, दार उघडं होतं. मी पाणी पिऊन परत आलो.

ताईला कळेल म्हणून कमी पाठवतोय असं मी दुपारी लिहिलं. ते खोटं आहे. तिला सगळं आधीपासून माहीत असतं. ती मला बोलायला जागा ठेवते आणि मी त्या जागेत बावीस म्हणतो.

संध्याकाळचे साडेसात वाजले. पैसे पाठवताना कारण लिहायची जागा येते. आधी लिहिलं, किटचे. खोडलं. मशीनसाठी. मशीनसाठी म्हणायला ही रक्कम पुरत नाही. खोडलं. ताई माझं चुकलं एवढं टाईप केलं. त्याखाली आकडा बघितला आणि ते शब्द त्या आकड्यावर बरे दिसेनात. तेही खोडलं. जागा मोकळी ठेवली.

पाठवले, नऊशे रुपये.